नऊ म्हणजे पास

मास्तर गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता त्यांची मुलगी कामावर हजर होती. लोकांना ते विचित्र वाटलं. पण तुडतुड्यांना कोणाच्या मरणाचं सोयरसुतक नसतं. त्यांना रोज कोवळी रोपं लागतात, आणि ती देणारं कीटकघरात तिच्याशिवाय दुसरं कोणी नव्हतं.

भात संशोधन केंद्राच्या मागच्या अंगाला हे कीटकघर होतं. पाच जाळीचे पिंजरे, प्रत्येकात भाताच्या रोपांच्या कुंड्या, आणि रोपांच्या बुडाशी तिळाएवढे तपकिरी तुडतुडे, हजारोंनी. ते खोडातला रस पितात. रोप आधी बुडाशी पिवळं पडतं, मग शेंड्यापर्यंत जळाल्यासारखं होतं आणि आडवं होतं. वाण किती टिकाव धरतो हे बघायचं तर आधी त्याच्यावर सोडायला कीड हवी. ती कीड वाढवायची, तिची पिल्लं मोजून द्यायची, हे तिचं काम. केंद्रातले लोक तिला ‘तुडतुड्यांची आई’ म्हणत. ‘मास्तरांची नातवंडं काय म्हणतायत?’ असंही विचारत, म्हणजे तुडतुड्यांची खबर काय. या विनोदावर मास्तर दर वेळी हसत. आता तो विनोद कोणी करत नव्हतं.

मास्तर शेजारच्या काचघरात सव्वीस वर्षं होते. त्याआधी दोन वर्षं ते एका शाळेत बदली शिक्षक होते. शाळा सुटली, पण सवय सुटली नाही. तुडतुडे सोडल्यावर कोणतं रोप किती टिकलं याला गुण द्यायचे असतात, एक ते नऊ. केंद्राच्या छापील तक्त्यात एक म्हणजे रोप ठणठणीत आणि नऊ म्हणजे मेलं. मास्तरांना ते कधीच पटलं नाही. “मेलेल्याला नऊ गुण? असली कसली परीक्षा!” असं म्हणून ते आपल्या वहीत उलटे गुण लिहीत. टिकला त्याला नऊ, आडवा झाला त्याला एक. मग हंगाम संपला की एकेक आकडा दहातून वजा करून छापील तक्ता भरत. म्हणून ते मास्तर. हे काचघरातल्या माळीकाकांपासून झाडूवाल्या मावशींपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एकट्या इस्त्रीसाहेबांना, कारण त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

इस्त्रीसाहेब म्हणजे केंद्राचे प्रमुख. त्यांच्या शर्टाला सुरकुती पडलेली कोणी पाहिली नव्हती. काचघरात ते पाय ठेवत नसत. आत दमट, चष्म्यावर वाफ धरते, कॉलर मऊ पडते. ते दारातूनच विचारत, “काय मास्तर, ठीक?” आणि मास्तर आतून म्हणत, “ठीक, साहेब.” या एवढ्या संभाषणावर चौदा वर्षांचं काम चाललं होतं.

कामाची सुरुवात केंद्रामागच्या नाल्यात झाली होती. एका वर्षी आसपासचं सगळं भात तुडतुड्यांनी जाळलं, आणि नाल्याच्या कडेला रानभाताच्या गवताचा एक ठोंब तेवढा हिरवागार उभा होता. मास्तरांनी गुडघाभर चिखलात उतरून पाहिलं. तुडतुडे त्याच्यावर बसत होते, सोंड टोचत होते आणि निघून जात होते. मास्तर घरी येऊन बायकोला म्हणाले, “आज तुझ्यासारखं कोणीतरी भेटलं.” त्या गवताचा खाष्टपणा आणि भाताचा दाणा एका रोपात आणायला त्यांना चौदा वर्षं लागली. शेवटच्या हंगामात चोवीस वाण उरले. त्यांची परीक्षा झाली, गुण वहीत लिहून झाले, आणि छापील तक्ता भरायच्या आधीच मास्तरांचं हृदय थांबलं. काचघरातच, पाण्याच्या झारीशेजारी.

शोकसभेत इस्त्रीसाहेब बोलले, “मास्तर म्हणजे निष्ठा. सव्वीस वर्षं त्यांनी आमच्या रोपांना पाणी घातलं.”

पाणी घातलं. मुलगी पहिल्या रांगेत बसली होती. आईने तिचा हात इतका घट्ट धरला की नखं रुतली. सभा संपल्यावर ती बाबांचा खण आवरायला गेली, तेव्हा डबा होता, सदरा होता, मोडकी छत्री होती. खाकी पुठ्ठ्याची वही नव्हती.

“साहेब घेऊन गेले,” माळीकाका खाली बघत म्हणाले. “म्हणाले, कार्यालयाची मालमत्ता आहे.”

याला चार महिने झाले.

मग एका सोमवारी तिच्या टेबलावर चिठ्ठी आली. तीन आठवड्यांनी वाण मान्यता समिती येणार. काचघरात प्रात्यक्षिकाचे दहा ट्रे हवेत. प्रत्येक ट्रेमध्ये दोन ओळी: एक किडीला बळी पडणारा नेहमीचा वाण, एक केंद्राचा नवा वाण ‘अभेद्य’. खाली बारीक अक्षरात: अभेद्य म्हणजे वाण क्रमांक सतरा. सोबत समितीला पाठवलेल्या अहवालाची प्रत होती. त्यावर संशोधक म्हणून एकच नाव होतं आणि ते बाबांचं नव्हतं. ‘सर्व निरीक्षणे स्वतः घेतली आहेत’ असंही लिहिलेलं होतं.

तिने सतरा हा आकडा परत वाचला.

शेवटच्या हंगामात गुण देताना ती बाबांच्या शेजारी उभी होती. ते बोलत, ती ट्रे फिरवत असे. “आठ. आठला नऊ. ही तर सासू आहे, हिच्या वाटेला कोणी जाणार नाही.” आणि पुढे, “सतरा. अरेरे. सतराला एक. बस खाली.”

साहेबांनी वही उघडली, छापील तक्त्याप्रमाणे वाचली, आणि चोवीस वाणांतला सगळ्यात नापास वाण उचलून त्याचं नाव अभेद्य ठेवलं. या चार महिन्यांत शेतातही त्यांनी तो एक हंगाम लावून पाहिला होता. पण या हंगामात तुडतुडे आलेच नाहीत, आणि परीक्षाच झाली नाही त्या वर्षी सगळेच पहिले येतात.

ती हसली. चार महिन्यांत पहिल्यांदा. माळीकाका दारातून डोकावले. “काय गं पोरी?”

“काही नाही, काका. साहेबांनी सतराला वर काढलाय.”

काकांना समजायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, उलटसुलट करून बघितली आणि पुन्हा घातली. “सतरा? आपला ढ?”

“तोच.”

“आणि बाकीचे?”

पुढच्या ओळीवर तिचं बोट थांबलं. ‘सात ते नऊ गुणांचे वाण नष्ट करण्यात आले.’ म्हणजे आठ नंबरही. चौदा वर्षांचा शेवटचा दाणा कचऱ्यात गेला होता.

घरी आल्यावर तिने आईला सगळं सांगितलं. आई मेथी निवडत होती. ऐकता ऐकता तिने काड्या पानांत टाकल्या आणि पानं काड्यांत.

“गप्प बसायचं,” आई म्हणाली.

“आई—”

“एक अक्षर बोलायचं नाही. होऊ दे मान्यता. वाटू दे त्याला बियाणं. मळ्यामळ्यात जाऊ दे. पुढच्या वर्षी तुडतुडे आले की रानंच्या रानं जळतील, आणि लोक विचारतील, कोणी दिलं हे? मग कळेल त्याला पाणी घालणं म्हणजे काय.”

मुलीने आईकडे पाहिलं. गवताच्या ठोंबात बाबांना जे दिसलं होतं ते तिलाही दिसलं.

“आठ नंबर फेकला त्यांनी,” ती म्हणाली. “तोच खरा होता. बाबा त्याला सासू म्हणायचे.”

आई उठली. स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवरून तिने बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढला. आत कागदाची पुडी होती आणि पुडीवर बाबांचं टपोरं अक्षर: ८. सासू. हात लावू नये.

“कोठारात उंदीर झालेत म्हणून त्यांनी आणून ठेवलं होतं. गेल्या महिन्यात कांडून खिरीला घेणार होते मी,” आई म्हणाली. “पण सासू वाचलं आणि परत ठेवलं.”

पुढचे दोन दिवस मुलगी आईच्या बेताशी खेळत राहिली. बेत सोपा होता. साहेबांच्या चिठ्ठीत स्पष्ट लिहिलं होतं: किडे आदल्या दिवशी, नावापुरतेच सोडावेत, पाहुण्यांच्या अंगावर उडू नयेत. एका दिवसात तुडतुडे कोणाचंच वाकडं करू शकत नाहीत. दहाही ट्रे हिरवेगार राहिले असते, शिक्का बसला असता. तिला काहीच करायचं नव्हतं, फक्त सांगितलेलं ऐकायचं होतं. इतका स्वस्त सूड जगात कोणाला मिळाला नसेल. पिंजऱ्यात झारीने पाणी घालताना ती मनातल्या मनात रानं जाळत होती. तिला बरं वाटत होतं, हे तिने स्वतःपासून लपवलं नाही.

बुधवारी ती ट्रेमध्ये माती भरत होती. बळी पडणाऱ्या नेहमीच्या वाणाची ओळ आखली आणि हात थांबला. या वाणाला बाबा ‘गाय’ म्हणत. प्रत्येक परीक्षेत ती असतेच, कारण तिने मरायचं असतं. गाय मेली तरच तुडतुडे नीट जेवले हे कळतं. ती जगली तर परीक्षा रद्द. तुडतुडे सोडण्याआधी बाबा त्या ओळीवरून तळहात फिरवून म्हणत, “माफ कर गं बाई, तुला माहीतच नाही तू कशाला आलीस ते.”

पुढच्या वर्षी अभेद्य पेरणाऱ्यांनाही माहीत नसणार होतं.

आणि दुसरी एक गोष्ट होती, जी तिला पहिलीपेक्षा जास्त झोंबली. वर्षभराने रानं जळली असती तेव्हा साहेब कुठे असते? वरच्या जागेवर, दुसऱ्या इमारतीत. त्यांनी म्हटलं असतं, हवामान. म्हटलं असतं, लोकांनी नीट पेरलं नाही. पोळले असते भलतेच, आणि इस्त्रीला सुरकुतीही पडली नसती. तिला ती सुरकुती हवी होती. स्वतःच्या डोळ्यांनी, हातभर अंतरावरून.

तिने प्रत्येक ट्रेमध्ये तिसरी ओळ आखली आणि खिशातून पुडी काढली.

“चिठ्ठीत दोन ओळी आहेत,” माळीकाका म्हणाले.

“हो.”

“नोकरी कंत्राटी आहे तुझी.”

“हो, काका.”

काका थोडा वेळ झारीची दांडी चोळत राहिले. मग म्हणाले, “किल्ली माझ्याकडेच असते. आणि साहेब काही या घामट्यात येत नाहीत.”

तिने ओळींची जागा प्रत्येक ट्रेमध्ये बदलली. कुठे सासू मधे, कुठे कडेला. बाबांची तशीच पद्धत होती, म्हणजे ट्रेच्या कोपऱ्याचा किंवा उन्हाचा दोष कोणावर येत नाही. आठव्या दिवशी रोपं बोटभर झाली. तिने रबरी नळीचं टोक तोंडात धरलं, दुसऱ्या टोकाने पिल्लं ओढून काचेच्या बाटलीत घेतली आणि ट्रेवर झटकली. एका रोपाला आठ. कमी नाहीत, जास्त नाहीत. रजिस्टरमध्ये तारीख आणि आकडा लिहिला. मग गायीच्या ओळीवरून तळहात फिरवला. सतराच्या ओळीवरूनही फिरवला, आणि त्याचं तिलाच नवल वाटलं.

ट्रेवर जाळी आणि जाळीवर पांढरं कापड घातलं. दारातून साहेबांनी दोनदा विचारलं, “ठीक?” ती आतून म्हणाली, “ठीक, साहेब.”

समिती आली ती तिघांची. अध्यक्ष एक साठीच्या बाई होत्या, पायात बूट, गळ्यात दोरीने लटकवलेलं भिंग. त्या सरळ काचघरात शिरल्या, म्हणून साहेबांनाही शिरावं लागलं. चष्म्यावर वाफ धरली. त्यांनी तो पुसला, बोलायला सुरुवात केली, पुन्हा वाफ धरली.

“चौदा वर्षांची तपश्चर्या आहे ही,” साहेब म्हणाले. “एकेका रोपाशी माझं नातं आहे.”

“बघू या ना नातेवाईक,” अध्यक्षबाई म्हणाल्या.

काका कापडाला हात घालणार, तेवढ्यात मुलगी म्हणाली, “साहेब, तुम्हीच उघडा. तुमचा वाण आहे.”

साहेबांनी हसून कापड ओढलं. पहिल्या ट्रेमध्ये दोन ओळी वाळल्या गवतासारख्या आडव्या पडल्या होत्या, आणि मधली एक ओळ हिरवीगार उभी होती. साहेब क्षणभर दचकले. दोनच ओळी सांगितल्या होत्या, आणि एवढं मरण सांगितलं नव्हतं. पण हिरवं दिसल्यावर माणसाला धीर येतो.

“हे बघा!” ते म्हणाले. “याला म्हणतात अभेद्य.”

अध्यक्षबाईंनी वाकून ओळीच्या टोकाची पट्टी वाचली. “ही आठ नंबर आहे.”

“आठ? नाही नाही. पट्ट्यांची अदलाबदल झालीय. ही मुलगी नवीन आहे.”

“सहा वर्षं झाली, साहेब,” माळीकाका म्हणाले.

बाईंनी दुसरं कापड काढलं, तिसरं काढलं. सासू कधी डावीकडे, कधी उजवीकडे, पण प्रत्येक वेळी उभी. सतरा प्रत्येक वेळी आडवा. दहाव्या ट्रेशी बाई सरळ झाल्या. “दहाही ठिकाणी अदलाबदल?”

“किडे जास्त सोडले असतील! मी स्पष्ट सांगितलं होतं—”

मुलीने रजिस्टर पुढे केलं. बाईंनी ते वाचलं. “रोपाला आठ. हेच तर प्रमाण आहे. याहून कमी सोडायला कोणी सांगितलं होतं का?”

साहेबांनी पुन्हा चष्मा पुसला.

“मूळ नोंदवही आहे ना?” बाईंनी विचारलं.

साहेबांनी फाइलमधून खाकी वही काढली. मुलीने ती चार महिन्यांनी पाहिली. पुठ्ठ्याच्या कोपऱ्यावर बाबांच्या चहाच्या कपाचा गोल डाग तसाच होता. तिने दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि एकमेकांत घट्ट धरले.

“आठला नऊ, सतराला एक,” बाईंनी वाचलं. “या वहीप्रमाणे आठ मेला आणि सतरा टिकला. समोर बरोबर उलटं आहे. तुम्हीच निरीक्षणं घेतलीत असं अहवालात आहे. मग मला सांगा, हा नऊ तुम्ही काय बघून दिलात?”

साहेबांनी वहीकडे बघितलं, ट्रेकडे बघितलं. मुलीला त्यांच्या डोक्यातले दोन रस्ते नकाशासारखे दिसत होते. गुण मी दिले म्हणावं, तर स्वतः दिलेल्या गुणांचा अर्थ सांगता येत नाही. चूक वहीतल्या पद्धतीची म्हणावी, तर वही दुसऱ्याची ठरते. यापलीकडे तिसरा रस्ता नव्हता. तिसरी ओळ तेवढी होती, हिरवी.

घाम कानामागून उतरून कॉलरमध्ये शिरला. कॉलर आधी मऊ झाली, मग दुमडली.

“हे माझं अक्षर नाही,” साहेब म्हणाले. इतक्या हळू की बाईंनी “काय?” म्हणून विचारलं आणि त्यांना ते पुन्हा म्हणावं लागलं.

“मग कोणाचं?”

“आमच्याकडे एक जण होते. पाणी…” साहेब थांबले. समोर मुलगी उभी होती. “मास्तर. मास्तरांचं आहे.”

“पहिलं पान उघडा बाई,” माळीकाका म्हणाले.

बाईंनी वहीचं अगदी पहिलं पान उलटलं. त्यावर टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं होतं: माझ्या वर्गात नऊ म्हणजे पास, एक म्हणजे नापास. तक्ता भरताना दहातून वजा करावे. वही चार महिने साहेबांच्या कपाटात होती, आणि हे पान त्यांनी उघडलंच नव्हतं.

समितीने त्या दिवशी अभेद्य फेटाळला. अहवाल परत मागवला, आणि तो कोणी लिहिला याची चौकशी लावली. आठ नंबरचं उरलेलं बी बाईंनी स्वतःच्या हाताने सीलबंद केलं. त्याच्या नव्या अर्जात संशोधक म्हणून मास्तरांचं नाव लिहिताना त्यांनी मुलीला स्पेलिंग विचारलं. ते सांगताना पहिल्यांदा तिचा आवाज फाटला.

साहेबांनी तिला व्हरांड्यात गाठलं. शर्ट पाठीला चिकटला होता.

“तुला माहीत होतं. तीन आठवडे माहीत होतं! एका शब्दाने सांगितलं असतंस तर?”

“तुम्ही विचारलं नाही, साहेब,” ती म्हणाली. “मी फक्त किडे सोडते.”

संध्याकाळी आईने तिच्या हातात चहाचा कप दिला आणि समोर पाट ओढून बसली. “तोंड कसं झालं होतं त्याचं? नीट सांग.” तिने सांगितलं. “आणि कॉलर?” तिने कॉलरही सांगितली. आईने डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाली, “परत सांग. कापड ओढलं तिथपासून.” तिसऱ्यांदा सांगताना मात्र आई मधेच म्हणाली, “वही बघायला ते हवे होते,” आणि रिकामा कप उचलून आत गेली.

आठवड्याने कोठारातून निरोप आला. अभेद्यचं दोन पोती बियाणं पडून आहे, मान्यता नाही, त्याचं काय करायचं? माळीकाका म्हणाले, फेकून द्या. मुलगी म्हणाली, नको. पिंजऱ्यांसाठी लागणारं गायीचं बी संपत आलं होतं, आणि तुडतुड्यांना असंच कोवळं, रसाळ, बिनतक्रार मरणारं रोप लागतं.

पोती कीटकघरात आली. तिने कुंड्या भरल्या, बी पेरलं, माती दाबली. पिंजऱ्यावरच्या पाटीवर रोजचे रकाने होते: कीड, पिढी, खाद्य. तिने जुनं पुसून खडूने नवीन लिहिलं.

खाद्य: अभेद्य.

मग झारी उचलली आणि पाणी घातलं.